अमोनियाला थंडी मानवते, पण

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असूनही पिकाला तो हवेतून थेट घेता येत नाही. त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. खतासाठी हायड्रोजनशी जोडून त्याचा अमोनिया करायचा म्हटलं, तर ही अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालते. अमोनिया बनतो, तसाच तो फुटतोही. दोन्हींचा वेग सारखा झाला की समतोल. वरून सगळं थांबल्यासारखं दिसतं, आत मात्र जोडतोड सुरूच असते.

हा समतोल कुठे सरकेल, याचा नियम ल शातेलिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ साली मांडला. बाहेरून बदल केला, की समतोल तो बदल कमी होईल त्या बाजूला सरकतो. इथे नायट्रोजनचा एक आणि हायड्रोजनचे तीन अशा चार रेणूंपासून अमोनियाचे दोन होतात. त्यामुळे दाब वाढवला की अमोनिया वाढतो. तापमानाचं मात्र त्रांगडं आहे. अमोनिया बनताना उष्णता बाहेर पडते, म्हणून तापवलं की गाडी उलटी फिरते. हवेच्या २०० पट दाबाखाली २०० अंश सेल्सियसला सुमारे ८५ टक्के अमोनिया मिळू शकतो, ५०० अंशांना १८ टक्क्यांच्या आसपास. मग २०० अंशांवरच का थांबू नये? कारण तिथे अभिक्रिया इतकी रेंगाळते, की कारखान्याचं दिवाळं निघेल. उत्प्रेरकाने, म्हणजे स्वतः न संपता अभिक्रियेला वेग देणाऱ्या पदार्थाने, वेग वाढतो, पण दोन्ही दिशांचा. समतोल जागचा हलत नाही. परीक्षेत हमखास चुकणारा मुद्दा हाच.

खुद्द ल शातेलिएने १९०१ मध्ये अमोनिया बनवण्याचा प्रयोग करून पाहिला होता. वायूंत हवा मिसळली, स्फोट झाला आणि त्याने नाद सोडला. १९०९ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने वेगळीच वाट काढली. एका फेरीत थोडाच अमोनिया बनतो ना, बनू दे. तो थंड करून द्रवरूपात काढून घ्यायचा आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडायचे. अमोनिया साचूच दिला नाही, तर तो फुटणार कसा? मला यातली खरी हुशारी इथे दिसते.

दाब वाढवणं कागदावर सोपं. हाबरच्या पद्धतीचा कारखाना उभारताना कार्ल बॉश या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला कळलं, की तापलेला हायड्रोजन पोलादात शिरून त्यातला कार्बन खातो आणि नळ्या फुटतात. त्याने आत मऊ लोखंडाचं अस्तर घातलं, बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली आणि झिरपणारा हायड्रोजन बाहेर जाऊ दिला. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा कारखाना सुरू झाला.