राष्ट्रगीत कोणतं? 'जन गण मन' की 'वंदे मातरम्'?

हिंदीच्या पेपरात 'राष्ट्रगीत' म्हणून 'वंदे मातरम्' लिहिलं तर उत्तर बरोबर. मराठीच्या पेपरात तेच लिहिलं तर चूक! हिंदीत 'जन गण मन'ला राष्ट्रगान म्हणतात आणि 'वंदे मातरम्'ला राष्ट्रगीत. मराठीत मात्र 'जन गण मन' हेच राष्ट्रगीत; पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला त्याच्यावर हाच मथळा असतो. 'वंदे मातरम्'ला आपण राष्ट्रीय गीत म्हणतो. त्यात दोन्ही गाणी बंगालची, दोन्हींत संस्कृत शब्दांची रेलचेल, आणि दोन्हींच्या गोष्टीत रवींद्रनाथ टागोर. मग घोळ होणारच.

वयानं थोरलं 'वंदे मातरम्'. बंकिमचंद्र चटर्जींनी ते १८७० च्या दशकात लिहिलं आणि पुढे आपल्या 'आनंदमठ' या कादंबरीत घातलं. ही कादंबरी १८८२ साली पुस्तकरूपात आली. १८९६ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते गायलं कुणी? रवींद्रनाथांनी! पण ते घरोघरी पोचलं १९०५ नंतर. इंग्रजांनी बंगालची फाळणी केली, लोक रस्त्यावर उतरले आणि गाण्याचे पहिले दोन शब्द घोषणा बनले. अख्खं गाणं पाठ नसलं तरी दोन शब्द कुणालाही गर्जता येतात.

'जन गण मन' टागोरांनी १९११ साली लिहिलं. २७ डिसेंबरला ते पहिल्यांदा गायलं गेलं, तेही कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनातच. नेमका तेव्हा इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज भारतात आला होता. झालं, हे गाणं त्याच्याच स्तुतीचं अशी आवई उठली, आणि ती अजूनही फिरते. टागोरांनी १९३७ मध्ये एका पत्रात ती साफ खोडून काढली. भाग्यविधाता म्हणजे कुणी राजा नव्हे, युगानुयुगे माणसांचा रथ हाकणारा सारथी, असं त्यांचं म्हणणं. मूळ गाण्याची कडवी पाच. आपण म्हणतो ते फक्त पहिलं, ५२ सेकंदांत.

मग इतकं गाजलेलं 'वंदे मातरम्' राष्ट्रगीत का झालं नाही? एक कारण शब्दांचं. पुढच्या कडव्यांत मातृभूमीला दुर्गेचं रूप दिलं आहे आणि त्यावर अनेक मुसलमानांचा आक्षेप होता. म्हणून १९३७ मध्ये काँग्रेसनं पहिली दोनच कडवी गायचं ठरवलं. दुसरं कारण चालीचं, आणि मला तेच जास्त मजेदार वाटतं. राष्ट्रगीत बँडवर वाजायला हवं, परदेशातल्या वादकांनाही जमायला हवं. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारताच्या प्रतिनिधींकडे राष्ट्रगीत मागितलं गेलं. त्यांच्याजवळ 'जन गण मन'ची ध्वनिमुद्रिका होती. तिच्यावरून तिथल्या वाद्यवृंदानं ते वाजवलं आणि सगळ्यांना फार आवडलं. इकडे आपले गायक-संगीतकार मास्टर कृष्णराव यांनी 'वंदे मातरम्'लाही बँडवर बसेल अशी चाल बांधून दिल्लीत ऐकवली. तरी पारडं 'जन गण मन'कडेच झुकलं.

२४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत यावर मतदान झालं नाही. अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी निवेदन वाचलं: राष्ट्रगीत 'जन गण मन', आणि 'वंदे मातरम्'ला त्याच्याइतकाच मान. मग सदस्यांनी संविधानाच्या प्रतींवर सह्या केल्या आणि शेवटी सगळे उभे राहिले. आधी 'जन गण मन' झालं, मग 'वंदे मातरम्'.