लिनक्स डेस्कटॉप सोपा करा म्हणणाऱ्यांची तीस वर्षं: थोडी पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि इंदूरमध्ये बऱ्याच घरांत, दुकानांत एकच विषय सुरू झाला, मशीन तर मस्त चालतंय, मग आता याचं करायचं काय? विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि सिल्व्हर मॉल नाहीतर जेल रोडवरून घेतलेले आपले सेकंडहँड डेस्कटॉप बहुतेक त्याच्या आधीचे. म्हणून ज्यांनी कधी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सचं नाव घेतलं नव्हतं ते आता मिंट नाहीतर उबुंटू (लिनक्सच्याच तयार आवृत्त्या, यांना डिस्ट्रो म्हणतात) टाकून बघतायत, रामबागेतले रिटायर झालेले काका पण आणि कॉलेजची पोरं पण, आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या सूचना सुरू, हे बटण इथे का, ती सेटिंग तिथे का नाही, सरळ विंडोजसारखं का नाही करून टाकत.

मला या सूचना मनापासून हव्या आहेत. नवीन माणसाला जे पहिल्या दिवशी खटकतं ते जुन्याला दिसतच नाही, त्याचा हात आपोआप तिथून वळसा घालून जातो. पण या सूचना करणं काही आज सुरू झालेलं नाही, जवळजवळ तीस वर्षं लोक हेच सांगतायत, त्यातलं काही ऐकलं गेलं, काही नाही, आणि का ऐकलं गेलं हे बघितलं तर आपली सूचना कशी द्यायची ते बरंच कळतं. म्हणून ही पार्श्वभूमी.

लिनस टोरवाल्ड्सनं हेलसिंकीमध्ये बसून ऑगस्ट १९९१ मध्ये जे जाहीर केलं ते फक्त कर्नल (मशीन चालवणारा गाभा) होतं, डेस्कटॉप वगैरे काही नाही. त्याआधी १९८३ पासून रिचर्ड स्टॉलमनचं मुक्त सॉफ्टवेअर बनवायचं ग्नू प्रोजेक्ट चालू होतं, तिथली साधनं त्याला जोडली गेली आणि वर खिडक्या दाखवायला एक्स आलं. आपल्याकडे ९० च्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर लिनक्सची सीडी यायची, ती टाकायची म्हणजे मॉनिटरचा सिंक रेट पुस्तिकेत शोधून कॉन्फिग फाइलमध्ये हातानं लिहायचा, चुकीचा लिहिला तर मॉनिटर खराब होऊ शकतो अशी वॉर्निंग वर, फ्लॉपी वाचायची तर आधी माउंटची कमांड द्यायची, आणि मशीनच्या आतलं स्वस्तातलं मोडेम असेल तर नेट विसराच. त्या काळात सोपं करा हे सांगायचं तरी कोणाला, वापरणारे आणि बनवणारे तेच होते.

१४ ऑक्टोबर १९९६ ला (हो, तीच तारीख, योगायोग आहे) जर्मनीतल्या मातियास एट्रिश या विद्यार्थ्यानं जाहीर केलं की आपल्याला साध्या वापरणाऱ्यासाठी डेस्कटॉप बनवायचाय, कारण प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दिसतो, वेगळा वागतो, मेन्यू एकाचा इकडे तर दुसऱ्याचा तिकडे. तेच केडीई. म्हणजे डेस्कटॉपचा जन्मच मुळी वापरायला सोपं नाही या तक्रारीतून झाला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पण केडीई ज्या क्यूटी लायब्ररीवर (खिडक्या, बटणं बनवायचा तयार कोड) उभं होतं तिचं लायसन्स तेव्हा पूर्ण मुक्त, म्हणजे कोणालाही वापरता, बदलता येईल असं नव्हतं, म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं. लायसन्सचा वाद पुढे मिटला, डेस्कटॉप मात्र दोन राहिले, नंतर आणखी झाले. आज इंदूरमध्ये कोणी म्हणतं की लिनक्सवाल्यांना सांगायला पाहिजे, तर असा एक लिनक्सवाला कुठे बसलेलाच नाही, कर्नल वेगळ्यांचं, डेस्कटॉप वेगळ्यांचा, डिस्ट्रो वेगळी, अ‍ॅप चौथ्याच कोणाचं. आपली चांगली सूचना चुकीच्या दारात गेली तर ती तिथेच पडून राहते, आणि माणसाला वाटतं की कोणी ऐकत नाही.

खरा फरक पडला २००१ मध्ये. सन मायक्रोसिस्टम्सला आपल्या मशीनवर ग्नोम द्यायचं होतं, तर त्यांनी १२ माणसांना समोर बसवलं, पॅनेल, फाइल मॅनेजर, सेटिंग यांची कामं करायला दिली आणि ती कुठे अडखळतात ते नीट लिहून काढलं. १२ म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तोपर्यंत वाद फक्त मतांवर चालायचे आणि आता पहिल्यांदा कोणीतरी शेजारी बसून बघितलं होतं. पुढच्या वर्षी, २००२ मध्ये, ग्नोम २ आलं आणि त्याबरोबर डिझाइनचे लिखित नियम पण आले, बटणावर काय लिहायचं, डायलॉगमध्ये काय क्रमानं यायचं. त्याच सुमारास ग्नोमच्याच हॅवॉक पेनिंग्टननं एक गोष्ट लावून धरली, की प्रत्येक सेटिंगची किंमत असते, प्रत्येक जास्तीचा चेकबॉक्स टेस्टिंग वाढवतो आणि वापरणाऱ्याला गोंधळवतो, त्यामुळे वाद मिटत नाही म्हणून दोन्ही ऑप्शन ठेवून द्यायचे हा उपाय नव्हे. मला हे पटतं, पण अर्धंच. कारण याच विचारातून पुढे अशा पण गोष्टी काढल्या गेल्या ज्या लोक रोज वापरत होते. २००४ मध्ये ग्नोम २.६ मध्ये प्रत्येक फोल्डर नवीन खिडकीत उघडायला लागला, विचार कागदावर छान होता, पण चार फोल्डर आत गेलं की स्क्रीनवर पाच खिडक्या, लोक वैतागले आणि काही वर्षांनी ते मागे घ्यावं लागलं.

२००४ च्या ऑक्टोबरमध्ये उबुंटू आलं. ते सुरू करणाऱ्या मार्क शटलवर्थनं सीडी फुकट पोस्टानं पाठवायला सुरुवात केली, नुसता पत्ता द्यायचा, २०११ पर्यंत ते चालू होतं, आणि डायलअपवर ७०० एमबी उतरवणं ज्यांना शक्यच नव्हतं अशा आपल्यासारख्या शहरांत लिनक्स जे पोचलं त्यात त्या पाकिटांचा मोठा हात आहे. त्याच वर्षी रॉबर्ट लव्ह वगैरे प्रोग्रॅमर मंडळींच्या कामातून पेनड्राइव्ह लावला की आपोआप दिसायला लागला, जी गोष्ट आज कोणाला सोय वाटत पण नाही.

पेनड्राइव्हवरून आठवलं, हे जरा सविस्तर सांगतो कारण आजही झेरॉक्सच्या दुकानात याचीच सगळ्यात जास्त बोंब असते. गिऱ्हाईक घाईत, फाइल कॉपी होतीये, पट्टी पूर्ण भरली, त्यानं पेनड्राइव्ह ओढला आणि घरी जाऊन बघतो तर फाइल अर्धवट. भिया, हे तर शंभर टक्के दाखवत होतं! हो, दाखवत होतं, कारण लिनक्स डेटा आधी रॅममध्ये घेतं आणि मागाहून सावकाश पेनड्राइव्हवर उतरवतं, फाइल मॅनेजरला वाटतं काम झालं. कर्नलवाल्यांच्या दृष्टीनं यात काही चूक नाही, स्पीड त्यातूनच मिळतो. इजेक्ट केलं तर अजून लिहितोय, काढू नका असा मेसेज येतो, पण दुकानात इजेक्ट करतं कोण? कर्नल आणि डेस्कटॉप यांच्या मधल्या फटीत पडलेली ही अडचण आहे आणि अशा फटीतल्या गोष्टीच सगळ्यात उशिरा सुटतात.

२००८ मध्ये उबुंटूनं ब्रेनस्टॉर्म नावाची सोय केली, कोणीही आयडिया टाकायची आणि बाकीच्यांनी वर किंवा खाली मत द्यायचं. आयडियांचा ढीग पडला, पण ज्याला सगळ्यात जास्त मतं ते करायला माणूस आहे असं नसतं, शेवटी ते बंद झालं. याउलट २००९ मध्ये जे केलं ते मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात शहाणपणाचं काम वाटतं. त्याचं नाव पेपर कट्स, म्हणजे कागदानं बोट कापतं तशा बारीक जखमा, एकीनं काही होत नाही पण दिवसभरात पन्नास झाल्या तर माणूस काम सोडतो. अट अशी ठेवली की नवीन फीचर मागायचं नाही, आहे त्यातलीच खटकणारी गोष्ट पाहिजे, साध्या माणसाला हमखास भेटणारी पाहिजे आणि दुरुस्तीला सोपी पाहिजे. उबुंटू ९.१० साठी अशा १०० निवडायच्या आणि आठवड्याला दहा या हिशोबानं सोडवायच्या. अट घट्ट असल्यामुळे सूचना देणाऱ्याला पण कळलं की नेमकं काय पाहिजे, आणि करणाऱ्याला एका संध्याकाळी उरकेल एवढं काम हातात मिळालं.

आणि मग लगेच उलटं पण झालं. २०१० च्या १०.०४ मध्ये खिडकीची बंद करायची, लहान करायची बटणं उजवीकडून उचलून डावीकडे नेली. लोक प्रचंड चिडले, शटलवर्थनं स्पष्ट सांगितलं की चांगला डेटा आणा, स्वागत आहे, पण डिझाइन मतदानानं ठरणार नाही. त्याचं म्हणणं तत्त्व म्हणून चुकीचं नव्हतं, फक्त बटणं हलवण्यामागे लोकांना दाखवण्यासारखा डेटा त्यांच्याकडून तरी कुठे पुढे आला होता? एप्रिल २०११ मध्ये तर एकाच महिन्यात ग्नोम ३ आलं, ज्यात मिनिमाइज बटणच नव्हतं, आणि उबुंटूनं युनिटी हा वेगळाच डेस्कटॉप डीफॉल्ट केला. खुद्द टोरवाल्ड्स ग्नोम ३ वर जाहीरपणे चिडून एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेला, नंतर परत आला ते सोडा. ज्यांना जुनं पाहिजे होतं त्यांनी नुसती तक्रार केली नाही, ग्नोम २ चा कोड घेऊन माटे उभं केलं, आणि मिंटच्या क्लेमाँ लेफेव्रनं सिनॅमन बनवलं. आज रामबागेतल्या काकांच्या मशीनवर खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेन्यू असलेलं जे मिंट दिसतं ते त्या २०११ च्या रागातून आलेलं आहे. युनिटी २०१७ मध्ये उबुंटूनं सोडून दिलं.

केडीईची पण पडझड झाली होती, जानेवारी २००८ मध्ये ४.० काढलं तेव्हा ते तयारच नव्हतं. पण २०१७ पासून त्यांनी वापरायला सोपं करणं हे अधिकृत ध्येय ठरवलं, त्यांच्यातला नेट ग्रॅहम दर आठवड्याला काय सुधारलं ते लिहायला लागला, आणि २०२२ मध्ये पंधरा मिनिटांचे बग असा उपक्रम काढला, म्हणजे नवीन माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत जे बग दिसतील ते आधी. पेपर कट्सचाच भाऊ म्हणायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केडीईच्या डेस्कटॉपचं नवीन व्हर्जन प्लाझ्मा ६ आलं त्यात फाइल एका क्लिकनं उघडायची वर्षानुवर्षांची सवय बदलून डबल क्लिक डीफॉल्ट केलं, कारण बाहेरून येणारा प्रत्येक जण तिथेच दचकत होता.

बघण्याचा फायदा किती याचं सगळ्यात ठळक उदाहरण नोव्हेंबर २०२१ चं. यूट्यूबवाला लिनस सेबॅस्टियन (हा टोरवाल्ड्स नव्हे) पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम (गेम घ्यायचं, खेळायचं अ‍ॅप) इन्स्टॉल करत होता, पॅकेजमध्ये गडबड होती, टर्मिनलनं लांबलचक इशारा देऊन पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं, त्यानं केलं आणि अख्खा डेस्कटॉपच उडाला. इशारा लिहिलेला होताच की, वाचला का नाही, असं बरेच जण म्हणाले. पण ज्या माणसाला फक्त गेम टाकायचाय त्याला कळणार कसं की त्या यादीत डेस्कटॉप आहे? आणि एपीटीवाल्यांनी (पॅकेज टाकायचं, काढायचं साधन बनवणाऱ्यांनी) हे मान्य केलं, त्याच महिन्यात बदल करून टाकला की आता नुसतं वाक्य टाइप करून महत्त्वाची पॅकेजेस काढता येणार नाहीत. हजार लोकांनी नुसतं अवघड आहे म्हटल्यानं जे झालं नव्हतं ते एक माणूस कॅमेऱ्यासमोर अडकल्यानं झालं.

आता आपल्या भाषेचं. रेड हॅटनं २००४ मध्ये लोहित हे भारतीय लिपींचे फाँट मुक्त केले, इंडलिनक्सच्या मंडळींनी त्याआधीपासून ग्नोमचं हिंदीकरण सुरू केलं होतं, जोडाक्षरं नीट जुळवायचं काम पँगो या मजकूर दाखवणाऱ्या लायब्ररीमध्ये झालं, टायपिंगसाठी आधी स्किम आणि मग आयबस आलं, आणि २०१२ च्या ग्नोम ३.६ पासून ते सेटिंगमध्येच बसलं. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये आलंच २००८ ला, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये त्याच्या जागी नुसता चौकोन दिसायचा. दुसऱ्या, तऱ्हा यातला आडवा र इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये काढायला नुक्तावाला ऱ आणि मग हलन्त लागतो, हे कुठल्याही मदतपानावर सहज सापडत नाही. आणि मध्य प्रदेशात आणखी एक कटकट, जुन्या सरकारी, शाळेच्या फाइली कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये, ज्यात आतून सगळी इंग्रजी अक्षरं असतात, तो फाँट नसला की सगळं गचाळ दिसतं आणि लोक म्हणतात लिनक्समध्ये हिंदी चालत नाही.

इंदूरच्या मराठी माणसाचा डेस्कटॉप तीन भाषांचा असतो, ऑफिसचं हिंदी, घरचं मराठी, बाकी इंग्रजी, आणि यातून एक अडचण अशी निघते जी पुण्यात सहसा कोणाला दिसत नाही. नवीन देवनागरी फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतात, पण मजकूर मराठी आहे असं प्रोग्रॅमला सांगितलेलं असेल तरच ते येतात, आणि सिस्टिम हिंदी किंवा इंग्रजीत ठेवली की आपलं मराठी पत्र हिंदी वळणानं दिसतं. कीबोर्ड मराठी केलाय तर मजकूर मराठी धरा, असं निदान विचारायला तरी हरकत नाही. सूचना अगदी पेपर कटच्या मापाची आहे आणि फाँटवाल्यांकडे नेऊन उपयोग नाही, ती डेस्कटॉप नाहीतर ऑफिस सॉफ्टवेअरवाल्यांकडे जायला पाहिजे. अशा तक्रारी घ्यायचं ग्नोमचं काम २०१८ पासून गिटलॅब या वेबसाइटवर चालतं, केडीईचं बगझिलावर, मिंटचं गिटहबवर. व्हर्जन, फाँटचं नाव आणि एकाच ओळीचे दोन स्क्रीनशॉट, एक हिंदी लोकेलमधला (सिस्टिमची भाषा हिंदी ठेवून), एक मराठी, एवढं जोडलं की बघणाऱ्याला देवनागरी वाचता येत नसली तरी ल मधला फरक त्याला दिसतो.