फ्रीकॅडमधल्या प्रॉपर्टी, स्क्रिप्ट आणि ‘फेस६’चं जुनं दुखणं

फ्रीकॅड हे वस्तूंची त्रिमितीय मॉडेलं बनवायचं मुक्त सॉफ्टवेअर. त्यातल्या प्रत्येक ऑब्जेक्टची मापं, रंग अशी माहिती प्रॉपर्टीत असते, आणि त्या दाखवणारे डेटा आणि व्ह्यू हे दोन टॅब फ्रीकॅडवाल्यांना रोजचेच. आत भूमिती आणि दिसणं हे दोन विभाग पहिल्यापासून वेगळे ठेवलेत, म्हणून रंग बदलला तरी मॉडेल पुन्हा मोजायला लागत नाही आणि खिडकी न उघडता नुसत्या पायथन ह्या प्रोग्रामिंग भाषेतूनही फाइल चालवता येते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. १९८६ ला ऑटोकॅड ह्या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोलिस्प ही स्क्रिप्टची भाषा आली, पण तिथली स्क्रिप्ट रेघा काढायची आणि मोकळी व्हायची, रेघेला आपण कुठल्या हिशोबातून आलो ते माहीत नसायचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी प्रो-इंजिनिअर ह्या दुसऱ्या कॅड सॉफ्टवेअरने फीचरची (एकावर एक रचलेल्या क्रियांची) साखळी रुळवली, म्हणजे आधीचं माप बदललं की पुढचं सगळं आपोआप बदलणार. फ्रीकॅडचं पहिलं रिलीज २००२ चं, फ्रीकॅडमध्ये ही साखळी आणि पायथन एकत्र आले, आणि पुढे तर ऑब्जेक्टच पायथनमध्ये लिहायची सोय झाली: अ‍ॅडप्रॉपर्टीने हवी ती प्रॉपर्टी लावा, एक्झिक्यूटमध्ये आकार बनवा, रिकंप्यूट (मॉडेलची फेरमोजणी) झालं की तेच पुन्हा चालतं. प्रॉपर्टीचा प्रकार मात्र नीट निवडायला लागतो, लेंग्थ वजा आकडा घेत नाही, डिस्टन्स घेतं, आणि स्क्रिप्टमध्ये एकक न देता नुसता १० लिहिला तर तो मिलिमीटरच.

आता खरा वादाचा मुद्दा. लिंक जातीच्या प्रॉपर्टीत ‘ह्या ऑब्जेक्टची ही बाजू’ असं साठवायचं तर बाजूला काहीतरी नाव लागणार, आणि ते नाव म्हणजे सरळ क्रमांक: फेस१, फेस२ (बाजू), एज७ (कड). साध्या बॉक्सची वरची बाजू फेस६. त्यावर भोकाचं स्केच (सपाट रेखाचित्र) बसवलं, मग आधीच्या स्केचमध्ये जाऊन एक कोपरा कापला की भूमितीचं कर्नल (आकारांचं गणित करणारा गाभा) बाजू नव्याने मोजतं, फेस६ आता भलतीच बाजू असते आणि तुमचं भोक बाजूच्या भिंतीत जातं. हाच तो टोपोलॉजिकल नेमिंग प्रॉब्लेम. कर्नलला दोष देणारे बरेच, पण माझ्या मते चूक क्रमांकाची नव्हतीच, तो क्रमांक प्रॉपर्टीत कायमचा पत्ता म्हणून लिहिला ही होती.

वर्षानुवर्षं यावर उत्तर एकच, बाजूवर स्केच बसवू नका, डेटम प्लेन (कुठल्याही बाजूवर न टेकलेलं संदर्भाचं प्रतल) वापरा. फ्रीकॅडच्या ०.१६ आवृत्तीत (२०१६) एक्स्प्रेशन आली, प्रॉपर्टीत आकड्याऐवजी सूत्र टाकता यायला लागलं, लोक खूश, पण त्यामुळे मापं जास्त वेळा बदलायला लागली आणि मॉडेल मोडायचे प्रसंगही वाढले. ०.१७ ला (२०१८) पार्ट डिझाइन ह्या विभागात बॉडी (एका भागाच्या सगळ्या क्रिया एकत्र ठेवणारा ऑब्जेक्ट) आली, तरी हे तसंच राहिलं. दरम्यान एका वेगळ्या फोर्कमध्ये (फ्रीकॅडचाच कोड घेऊन काढलेल्या स्वतंत्र शाखेत) यावर बऱ्यापैकी चालणारा उपाय तयार होता: प्रत्येक बाजूला ती कुठल्या क्रियेतून, कुठल्या मूळ रेघेतून आली त्यावरून लांबलचक नाव द्यायचं, फेस६ फक्त माणसाला दाखवायला. मग मूळ फ्रीकॅडने तो का घेतला नाही? बदल एकगठ्ठा आणि अवाढव्य, मुळापर्यंत हात घालणारा, तपासणार कोण हा प्रश्न अगदीच खोटा नव्हता. पण तोपर्यंत वापरणारे दोन फ्रीकॅडमध्ये वाटले गेले आणि एकाची फाइल दुसऱ्यात धड उघडेना, ही किंमत सावधपणाच्या बाजूने बोलणारे फारशी मोजत नाहीत. त्याच फोर्कमधली लिंक ऑब्जेक्टची (एकच वस्तू नक्कल न करता अनेक ठिकाणी वापरायची) सोय ०.१९ मध्ये (२०२१) आली, नावांचं काम मात्र तुकडे पाडून, चाचण्या लिहून नोव्हेंबर २०२४ च्या १.० पर्यंत लांबलं.

१.० मध्येच व्हॅरसेट आला, म्हणजे नुसत्या प्रॉपर्टी ठेवायचा ऑब्जेक्ट, मापांसाठी स्प्रेडशीट उघडायची गरज कमी झाली. नावांचा त्रासही बराच घटला, संपला नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना तर अजून जपूनच राहायला हवं, कारण कोडमध्ये हाताने ‘फेस६’ लिहिलं असेल तर पायथनसाठी तो साधा मजकूर आहे, पुढच्या वेळी तो कुठल्या बाजूला लागेल याची हमी नाही. त्यापेक्षा एक्झिक्यूटमध्ये आकाराच्या सगळ्या बाजूंवर लूप फिरवा, जिचा मध्य झेडमध्ये (उंचीत) सर्वांत वर आणि नॉर्मल (बाजूला काटकोनातली बाहेरची दिशा) वरच्या दिशेला ती बाजू घ्या. चार ओळी जास्त लागतात.