हॉटेल तपासणी, सुधारणा नोटीस आणि ते १४ दिवस

अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १ जून १९५५ रोजी लागू झाला. त्यानंतरची पाच दशके तपासणीचा भर नमुन्यावरच राहिला. नमुन्याचे तीन भाग, पंच, सील, दूध नासू नये म्हणून बाटलीत फॉर्मॅलिनचे थेंब. यातली एक पायरी चुकली की खटला ढासळायचा. अस्वच्छ जागेत दूषित झालेले अन्नही भेसळीच्या व्याख्येत बसत होते, पण प्रत्यक्षात भटारखान्याकडे पाहायला सवड कोणाला?

५ ऑगस्ट २०११ पासून अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अमलात आला आणि परवान्याच्या नियमांतली अनुसूची ४, म्हणजे स्वच्छतेच्या अटींची यादी, हातात आली. खरा बदल हा. आता जागा, पाणी, माणसे आणि तापमान तपासले जाते. थंड पदार्थ ५ अंशांवर किंवा त्याखाली, गोठवलेले उणे १८ वर. शिजवून ठेवायची ग्रेव्ही ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत यायला हवी आणि पुढच्या दोन तासांत ५ वर. बहुतेक हॉटेले इथेच अडकतात. रात्री मोठे पातेले गरमच फ्रीजमध्ये ढकलतात. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, उकळूनही जगलेले जिवाणूंचे बीजाणू तिथे रुजून वाढतात आणि शेजारचे कच्चे चिकनही तापते. उथळ ट्रेमध्ये ओतले, तर हे टळते.

वाद मात्र या कायद्याच्या कलम ३२ वरून आहे. त्रुटी सापडल्या की सुधारणा नोटीस द्यायची आणि किमान १४ दिवसांची मुदत द्यायची. तेवढ्यात सुधारणा झाली नाही, तर परवाना निलंबित होतो, पुढे रद्दही. याच कलमात एक परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद, आहे: सार्वजनिक आरोग्यासाठी, कारणे लेखी नोंदवून, परवाना तत्काळ निलंबित करता येतो. हॉटेलचालकांच्या मते हा अधिकार बातम्या गाजल्या की उगारला जातो. या तक्रारीत तथ्य आहे, पण ती अर्धीच आहे. फुटलेली फरशी, मुदत संपलेले वैद्यकीय दाखले, पाण्याचा जुना अहवाल यांना १४ दिवस द्यावेत. १२ अंशांवर चालणाऱ्या फ्रीजला, मोरीतून उलटे येणाऱ्या सांडपाण्याला एक दिवसही देता येत नाही. गोंधळ होतो तो दोन्ही गोष्टी एकाच नोटिशीत, एकाच मुदतीत कोंबल्यामुळे. ‘अस्वच्छता आढळली’ एवढ्यावर दिलेला निलंबनाचा आदेश अपिलात टिकवणे कठीण. कोणता फ्रीज, किती अंश, आत काय, किती वाजता मोजले, हे पंचनाम्यात आलेच पाहिजे. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका नूडल्सवरची बंदी रद्द केली ती म्हणणे मांडण्याची संधी न दिल्यामुळे आणि चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत न झाल्यामुळे. प्रकरण पाकीटबंद मालाचे होते, तरी हॉटेलांवरील आदेशांनाही तोच धडा लागू पडतो.

पुढचे बदल भराभर आले. जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांहून अधिक ध्रुवीय संयुगे (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) असलेले तळणाचे तेल वापरता येत नाही. नुसत्या रंगावरून ते ओळखता येत नाही, मीटर किंवा पट्टी लागते. जानेवारी २०२२ पासून बिलावर परवान्याचा १४ अंकी क्रमांक सक्तीचा झाला. दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा, असाही दंडक आहे. तपासणी यादीत आता गुण असतात, आणि तारांकित मुद्द्यांवर नापास झाल्यास बाकीचे गुण कितीही असोत, शेरा ‘अनुपालन नाही’ असाच पडतो.