पार्श्वभूमी : ट्विंगोच्या चेहऱ्यावरचा तेहतीस वर्षांचा वाद

नोव्हेंबर २०२५मध्ये रेनो या फ्रेंच कंपनीने आपल्या ट्विंगो या छोट्या गाडीची विजेवर चालणारी नवी आवृत्ती दाखवली आणि पहिल्या दिवसापासून बोलणं सुरू झालं ते तिच्या तोंडवळ्याबद्दल. बॅटरी केवढी, एका चार्जमध्ये किती धावते, हे प्रश्न मागे पडले. अर्धगोल दिवे, त्यांच्यामधलं हसरं नाक आणि बॉनेटवरच्या तीन फटी पाहून काहींना वर्षानुवर्षांनी जुनं माणूस भेटल्याचा आनंद झाला. काहींनी मात्र हा आठवणींवर चालवलेला धंदा आहे, असं सुनावलं. गंमत अशी की दोन्हीकडची मंडळी १९९२च्या पहिल्या ट्विंगोलाच प्रमाण मानून बोलतात. ती गाडी तशी का दिसत होती आणि ती तशी दिसू नये म्हणून कोण अडून बसलं होतं, हे ठाऊक नसेल तर आजच्या मतांचं वजन करता येत नाही.

रूपावरून बोलणी खाणं फ्रेंच छोट्या गाड्यांना नवं नाही. १९४८च्या पॅरिस प्रदर्शनात सित्रोएनच्या टू-सीव्हीची पत्र्याचा डबा म्हणून टर उडवली गेली आणि ती १९९०पर्यंत बनत राहिली. १९६१ची रेनो ४ ऐंशी लाखांच्या वर गेली. १९७२ची रेनो ५ इतकी नेटकी होती की तिच्याबद्दल भांडण झालंच नाही. पण ट्विंगोच्या गोष्टीत कामाची गाडी आहे ती १९७६ची रेनो १४. तिच्या जाहिरातीत तिला पेअर या फळाची उपमा दिली होती : खाली घेरदार, वर निमुळती, आत ऐसपैस. फ्रेंच बोलीत मात्र कुणाला पेअर म्हणणं म्हणजे त्याला सहज गंडवता येणारा भोळसट ठरवणं. ती गाडी विकत घेणाऱ्याची आपोआपच चेष्टा होऊ लागली आणि गाडी त्यातून कधी सावरली नाही. विचित्र आकाराचा धसका कंपनीतल्या विक्री विभागाने घेतला होता, तो उगाच नव्हता.

(आपल्याकडे फ्रेंच हॅचबॅक म्हटलं की नव्वदच्या दशकात कल्याणच्या कारखान्यातून निघालेली प्यूजो ३०९ आठवते. ती मुळात टॅल्बो या नावाने विकायची म्हणून आखलेली होती आणि ऐन वेळी तिच्यावर प्यूजोचं चिन्ह आलं. त्यामुळे ती प्यूजोच्या इतर गाड्यांत शोभत नाही, असं फ्रान्समध्येही म्हटलं जाई. ट्विंगो भारतात कधी विकायला आली नाही.)

ट्विंगोचं मूळ ऐंशीच्या दशकातल्या तंगीत आहे. १९८४ या एका वर्षात रेनोला सुमारे १,२५० कोटी फ्रँकचा तोटा झाला. सावरायला आणलेल्या प्रमुखांची नोव्हेंबर १९८६मध्ये पॅरिसमध्ये राहत्या घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली. रेनो ४ म्हातारी झाली होती. तिच्या जागी स्वस्त गाडी हवी, हे सगळ्यांना मान्य होतं, पण एवढ्या छोट्या गाडीत पैसे सुटत नाहीत म्हणून एकेक आराखडा कपाटात जात होता. १९८७मध्ये आलेल्या नव्या डिझाइनप्रमुखांनी अशाच बाजूला टाकलेल्या नमुन्यांमधून एक बाहेर काढला. बॉनेट आणि समोरची काच जवळजवळ एकाच उतारावर असलेली ती एकपेटी गाडी होती. रेनोच्याच एस्पासने १९८४मध्ये मोठ्या कुटुंबासाठी हा आकार रुळवला होताच, पण साडेतीन मीटरच्या आतल्या गाडीत तो कुणी आणला नव्हता. नमुना अरुंद आणि उंच वाटत होता. तो रुंद केला, लांब केला, चाकं चार कोपऱ्यांकडे नेली. मग एका तरुण डिझायनरने तिला चेहरा दिला : वरून पापणी ओढल्यासारखे अर्धगोल दिवे आणि मधे खालच्या बाजूला रुंद हसू. बेडूक ही उपमा तिला तेव्हापासून चिकटली ती कायमचीच.

वाद झाला तो इथे, आणि तो सविस्तर सांगायला हवा.

नवी गाडी बाजारात आणण्याआधी कंपन्या तिची क्लिनिक घेतात. शब्द दवाखान्याचा असला तरी प्रकार परीक्षेचा. बंद दालनात चिन्ह झाकलेला नमुना स्पर्धकांच्या गाड्यांशेजारी उभा करायचा, वय आणि मिळकत पाहून निवडलेली माणसं बोलवायची, त्यांना गाडीभोवती फिरू द्यायचं आणि प्रश्नावली भरून घ्यायची. ट्विंगोचा निकाल पुढे या धंद्यात दंतकथेसारखा सांगितला गेला. साधारण चौथा हिस्सा लोक गाडीच्या प्रेमात पडले, पण जवळजवळ निम्म्यांना ती मुळीच आवडली नाही. विक्री विभागाचं म्हणणं सरळ होतं : निम्मं गिऱ्हाईक तोंड फिरवत असेल तर चेहरा सौम्य करा, धार घासून काढा. डिझाइनप्रमुखांनी थेट कंपनीच्या प्रमुखांना चिठ्ठी लिहिली. कोणताच धोका न पत्करणं हाच सगळ्यात मोठा धोका आहे, तेव्हा बाजार-पाहणीपेक्षा अंतःप्रेरणेला कौल द्या, असा तिचा आशय होता. प्रमुखांनी तो कौल दिला. चेहरा तसाच राहिला.

ही गोष्ट कलावंत विरुद्ध कारकून अशा थाटात सांगण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. क्लिनिकचे आकडे खोटे नव्हते. प्रश्न होता तो ते वाचायचे कसे याचा. ज्या कंपनीकडे एकच छोटी गाडी आहे तिने निम्म्या लोकांचा नकार गंभीरपणे घेतलाच पाहिजे. पण रेनोकडे सगळ्यांना आवडेल अशी क्लिओ १९९०पासून होती आणि स्वस्तात हवी असणाऱ्यांसाठी सुपर-५ (रेनो ५ची पुढची पिढी) सुद्धा विकली जात होती. प्यूजोची १०६ही १९९१मध्ये आली होती, आणि तिला नावं ठेवणारं कुणी सापडलं नसतं. या गर्दीत आणखी एक निरुपद्रवी गाडी म्हणजे सगळ्यांच्या यादीत दुसरी येणारी गाडी, आणि यादीत दुसरी येणारी गाडी कुणी घरी नेत नाही. उलट चौथा हिस्सा लोक हट्टाने तीच मागत असतील तर तेवढ्यावर कारखाना चालतो. शिवाय ही बहुतेक घरांत दुसरी गाडी होणार होती, आणि दुसरी गाडी माणूस मन मोकळं ठेवून घेतो. हा हिशोब धाडसाचा होता तसाच व्यवहाराचाही होता. चिठ्ठीच्या कौतुकात हा व्यवहार झाकला जातो.

त्या चेहऱ्याला परवडण्याजोगं केलं ते दुसऱ्या एका शिस्तीने. किंमत आधी ठरवली आणि गाडी तिच्यात बसवली. एकच बांधणी, तीन दारं, एकच इंजिन, आणि तेही साठच्या दशकातल्या जुन्या घराण्यातलं १,२३९ सीसीचं. वायपर एकच. स्पीडोमीटर चालकासमोर नाही, डॅशबोर्डच्या मधोमध डिजिटल आकड्यांचा. बटणं हिरवट निळी, खेळण्यासारखी. मागचा बाक पुढेमागे सरकतो : पुढे घेतला तर डिकी मोठी, मागे ढकलला तर पाय लांब करून बसता येतं. पुढच्या सीटा पाडल्या की मागच्या बाकाला टेकून झोपायची सोय. हे सगळं ३.४३ मीटरमध्ये, म्हणजे आपल्या पहिल्या अल्टोहून आखूड गाडीत. गाडी ऑक्टोबर १९९२मध्ये पॅरिसला दाखवली आणि १९९३मध्ये विक्रीला आली ५५,००० फ्रँकला. रंग चारच : पोवळ्याचा लाल, गडद निळा, पिवळा आणि कोथिंबिरी हिरवा. त्या रंगांत ती रस्त्यावर लपत नसे. युरोपात २००७पर्यंत ती मूळ रूपाला फारसा धक्का न लावता विकली गेली.

पुढच्या दोन पिढ्यांचं थोडक्यात. २००७ची दुसरी ट्विंगो जुन्या क्लिओच्या सांगाड्यावर बांधली होती, चालवायला बरी, दिसायला कुणाचीही. त्याच वर्षी फियाटने १९५७च्या ५००चा चेहरा नव्या गाडीला लावून बाजार मारला. रेनोने आपला चेहरा टाकून दिला तो नेमका तेव्हा. २०१४ची तिसरी यंत्ररचनेच्या बाजूने धीट होती. जर्मन भागीदाराच्या स्मार्ट या छोट्या गाडीबरोबर ती घडवली, इंजिन मागे, दारं पाच. पण तिने नजर ठेवली होती ती रेनो ५वर, पहिल्या ट्विंगोवर नव्हे. २०२४मध्ये तीही थांबली. तिन्ही पिढ्या मिळून ४१ लाखांहून जास्त ट्विंगो विकल्या गेल्या आणि त्यातला मोठा वाटा पहिलीचा.

आता आजच्या चर्चेत सगळ्यात गुंता करणारा शब्द : रेट्रो. तो एकाच दमात शाबासकी म्हणून वापरला जातो आणि शिवी म्हणूनही. २००१ची मिनी किंवा २००७ची फियाट ५०० रेट्रो आहेत, याबद्दल दुमत नाही. जुन्या आकाराची आठवण नव्या यंत्रावर बसवली आहे. रेनोनेही २०२४मध्ये ५ आणि पाठोपाठ ४ याच वाटेने परत आणल्या. पण ट्विंगोपाशी हा शब्द अडखळतो. १९९२ची गाडी कुणाचीच आठवण नव्हती. रेनो ४ निवृत्त होत असताना लोक नव्या ४ची वाट पाहत होते आणि कंपनीने ती द्यायचं नाकारलं. मग अशा गाडीची हुबेहूब आठवण काढणं म्हणजे तिचा मान राखणं की तिच्याविरुद्ध वागणं? मला यात दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. दिवे आणि बॉनेटवरच्या फटी हा जुन्या गाडीतून अवतरणासारखा घेतलेला भाग आहे. मूळ गाडीत त्या फटी एका बाजूला, हवेच्या कामासाठी होत्या. आता त्या ओळख पटवायला आहेत. सरकणाऱ्या मागच्या जागा मात्र, आणि २०,००० युरोच्या आत बसायचं म्हणून बाकी सगळं त्या आकड्याला बांधून घेणं, हा त्या गाडीचा खरा स्वभाव आहे. २७.५ किलोवॉट-तासांची बॅटरी, २६३ किलोमीटरचा पल्ला आणि शांघायमधल्या विकासकेंद्राच्या मदतीने सुमारे शंभर आठवड्यांत उरकलेलं काम, हे १९९२च्या हिशोबी शिस्तीशी चेहऱ्यापेक्षा जास्त नातं सांगतं.

टीकेतला एक मुद्दा तपासून पाहावा असा आहे. नवी गाडी फुगली, बॉनेट वर आलं, एकपेटीपणा गेला, असं म्हणतात. लांबी ३.७९ मीटर झाली, म्हणजे ३६ सेंटीमीटर वाढली, हे खरं. पण पहिली ट्विंगो आखली तेव्हा पादचाऱ्याला धडक बसली तर बॉनेटखाली किती मोकळी जागा हवी, याचा नियम युरोपात नव्हता. तो २००५पासून लागू झाला. आज तो उतार जसाच्या तसा कुणालाच काढता येणार नाही. पाच दारांबद्दल मात्र टीकाकारांशी मी सहमत आहे. तीन दारांमुळे मूळ गाडीच्या कुशीला जो एकसंध गोलवा होता, तो मागचं दार कापल्यावर उरत नाही, आणि दाराची मूठ काचेच्या कडेला कितीही लपवली तरी नजर तिथे अडतेच.

नवी ट्विंगो स्लोव्हेनियातल्या नोवो मेस्तोच्या कारखान्यात बनते, जिथे दुसरी आणि तिसरी बनली आणि त्यांच्याही आधी १९९२पर्यंत रेनो ४ बनत होती. फ्रान्समध्ये तीस वर्षं पुरी केलेल्या गाडीची संग्राह्य वाहन म्हणून नोंद करता येते. १९९३मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या ट्विंगो त्या वयाच्या पुढे गेल्या आहेत.