कॅबिनेटमधील पंख्यांची मांडणी

कॅबिनेटमधील पंख्यांची मांडणी : डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटमध्ये बाहेरची हवा एका बाजूने आत यावी, उष्णता निर्माण करणाऱ्या भागांवरून जावी आणि तापल्यावर दुसऱ्या बाजूने निघून जावी, यासाठी पंख्यांच्या जागा, दिशा व वेग ठरवण्याची पद्धत. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा घटक) यांना मिळणारी जवळजवळ सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपात कॅबिनेटमध्ये उतरते. त्या त्या भागावरचे छोटे पंखे ही उष्णता हीटसिंकमधून (उष्णता शोषून पसरवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधून) हवेत सोडतात. तापलेली हवा बाहेर घालवणे हे कॅबिनेटच्या पंख्यांचे काम होय. खोलीतील हवेपेक्षा थंड हवा मात्र कोणताही पंखा निर्माण करू शकत नाही. म्हणून मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जाणाऱ्या नागपूरसारख्या शहरात या मांडणीला जे महत्त्व येते, ते समशीतोष्ण प्रदेशांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकांवरून पुरेसे ध्यानात येत नाही.

इतिहास : १९७७ मधील ॲपल टू या संगणकात पंखाच नव्हता. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये एसएमपीएसमधला एकमेव पंखा आतील हवा मागच्या बाजूने बाहेर टाकी आणि तेवढा पुरत असे. कॅबिनेटचे स्वतंत्र पंखे स्थूलमानाने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाले असे मानले जाते. याच सुमारास हवेच्या दिशेविषयीचा पहिला महत्त्वाचा वाद उभा राहिला. इंटेलने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या एटीएक्स या आराखड्यात (मदरबोर्ड म्हणजे मुख्य सर्किट पट्टी, कॅबिनेट व एसएमपीएस यांच्या रचनेच्या प्रमाणात) एसएमपीएसचा पंखा उलट फिरवण्याची, म्हणजे बाहेरची हवा आत ओढून ती प्रोसेसरवर सोडण्याची कल्पना होती. तिचे दोन फायदे सांगितले जात : प्रोसेसरला वेगळा पंखा लागणार नाही, आणि आतला दाब किंचित वाढून फटींमधून धूळ शिरणार नाही. आक्षेप असा होता की प्रोसेसरपर्यंत पोहोचणारी हवा आधीच एसएमपीएसमध्ये तापलेली असते. ७० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता असलेला एसएमपीएस १५० वॅट शक्ती पुरवताना स्वतः सुमारे ६० वॅट उष्णता हवेत मिसळतो, हे लक्षात घेता आक्षेपात तथ्य होते. प्रोसेसरची उष्णता वाढत गेली तशी ही कल्पना मागे पडली, आणि एसएमपीएसचा पंखा पुन्हा हवा बाहेर टाकू लागला. या माघारीला धनदाबाच्या, म्हणजे आतला दाब बाहेरपेक्षा किंचित अधिक ठेवण्याच्या, तत्त्वाचा पराभव मानणारे काही आहेत. परंतु तत्त्व योग्य होते, त्यासाठी निवडलेली जागा चुकली होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण गाळणी लावलेले समोरचे पंखे आज तेच काम एसएमपीएसला वगळून करतात.

पुढे इंटेलने बीटीएक्स या आराखड्यात (२००४ च्या सुमारास) सर्व उष्ण भाग समोरून मागे जाणाऱ्या एकाच सरळ प्रवाहात आणण्याचा प्रयत्न केला. औष्णिक दृष्टीने तो आराखडा एटीएक्सपेक्षा सुसंगत होता. मात्र कमी उष्णता देणारे प्रोसेसर आल्यावर त्याची निकड उरली नाही आणि २००६ मध्ये इंटेलने तो सोडून दिला. अँटेकच्या पी१८० (२००५) या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस तळाशी वेगळ्या कप्प्यात गेला. ही रचना आज सर्वसाधारण झाली आहे.

प्रवाहाचे गणित : आत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातील फरक हा उष्णतेच्या सम आणि प्रवाहाच्या व्यस्त प्रमाणात असतो. हवेची घनता दर घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरली, तर ४०० वॅट उष्णता वाहून नेताना हा फरक १०° से. ठेवण्यासाठी सेकंदाला सुमारे ३३ लिटर हवा लागते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि ४४° से. तापमानाला तेथील हवेची घनता १.०७ च्या आसपास उतरते. त्यामुळे तेवढ्याच कामासाठी सेकंदाला सुमारे ३७ लिटर, म्हणजे मिनिटाला ७९ घनफूट हवा लागते. पंख्याच्या खोक्यावर छापलेला प्रवाहाचा आकडा समोर कोणताही अडथळा नसतानाचा असतो. जाळी, गाळणी आणि केबलींचा गुंता यांमुळे प्रत्यक्ष प्रवाह त्याहून बराच कमी भरतो. अरुंद फटींतून किंवा रेडिएटरमधून (द्रवाने थंड करण्याच्या यंत्रणेतील दाट पट्ट्यांच्या जाळीतून) हवा ढकलायची असल्यास प्रवाहाच्या आकड्यापेक्षा स्थितिक दाबाचा, म्हणजे अडथळ्याविरुद्ध हवा ढकलण्याच्या क्षमतेचा, आकडा पाहावा. वेगाच्या बाबतीत प्रवाह फेऱ्यांच्या सम प्रमाणात वाढतो, पण पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि आवाजही झपाट्याने चढतो. यावरून १४० मिमी.चे पंखे संथ चालवणे हे ८० मिमी.चे पंखे वेगाने फिरवण्यापेक्षा का श्रेयस्कर ठरते ते समजते.

गरम हवा आपोआप वर जाते, म्हणून वरचा पंखा बाहेर टाकणाराच असावा, असे कारण बहुधा दिले जाते. निष्कर्ष बरोबर असला तरी कारण दुबळे आहे. अर्धा मीटर उंचीच्या कॅबिनेटमध्ये १०° से. फरकामुळे निर्माण होणारा उत्थापक दाब एका पास्कलच्या पाचव्या भागाहूनही कमी असतो, तर साधा १२० मिमी.चा पंखा दहा ते वीस पास्कल दाब सहज देतो. पंखे चालू असताना हवा कोठे जाईल हे पंखेच ठरवतात. वरच्या मागील कोपऱ्यातला पंखा उपयोगी पडतो तो प्रोसेसरच्या हीटसिंकला जवळचा असल्याने. सिल्व्हरस्टोनच्या रेव्हन मालिकेतील काही कॅबिनेटांत मदरबोर्ड ९० अंशांत फिरवून खालून वर जाणारा सरळ मार्ग केलेला होता. त्या रचनेच्या यशाचे श्रेयही तळाच्या मोठ्या पंख्यांना आणि अडथळा नसलेल्या वाटेला द्यावे लागते.

जागा व दिशा : प्रचलित मांडणीत समोर दोन किंवा तीन पंखे हवा आत घेतात आणि मागचा एक पंखा ती बाहेर टाकतो. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणारे आडवे दांडे दिसतात त्या बाजूने हवा बाहेर पडते. बहुतेक पंख्यांच्या चौकटीवर बाणही कोरलेला असतो. वरच्या बाजूला, समोरच्या टोकाशी बाहेर टाकणारा पंखा लावणे ही पुष्कळदा दिसणारी चूक आहे, कारण नुकतीच आत आलेली ताजी हवा तो प्रोसेसरपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बाहेर खेचतो. वरचा पंखा मागील टोकाकडे न्यावा. ग्राफिक्स कार्ड आपली उष्णता कॅबिनेटमध्येच सोडणाऱ्या प्रकारचे असल्यास समोरचा खालचा किंवा तळाचा पंखा त्याच्या पातळीवर हवा देईल असे पाहावे. मागील पट्टीतून उष्णता बाहेर फेकणाऱ्या ब्लोअर प्रकारच्या कार्डांना याची गरज कमी असते. पंख्यांची संख्या वाढवण्यापेक्षा प्रवेशापासून निर्गमापर्यंतचा मार्ग सलग राखणे महत्त्वाचे आहे. समोर अखंड काच आणि बाजूला दोन बोटांची फट असलेल्या कॅबिनेटमध्ये सहा पंखे बसवले, तरी जाळीदार तोंडाच्या कॅबिनेटमधील तीन पंखे त्यांना मागे टाकू शकतात.

दाब : आत येणारी हवा अधिक असल्यास धनदाब आणि बाहेर जाणारी अधिक असल्यास ऋणदाब निर्माण होतो. ऋणदाबाने काही रचनांमध्ये ग्राफिक्स कार्डाचे तापमान थोडे कमी राहते, असे त्याच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे आहे. परंतु तेव्हा प्रत्येक फटीतून गाळणीविना हवा आत येते. पावसाळ्यापूर्वीच्या वावटळी, रस्त्यांची धूळ आणि उघड्या खिडक्या यांचा विचार करता नागपुरात सौम्य धनदाबच योग्य होय. त्याचे तत्त्व नागपूरकरांना डेझर्ट कूलरवरून परिचित आहे : कूलर खोलीत हवा ढकलतो, म्हणून समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे लागते, अन्यथा नवी हवा येणेच थांबते. कॅबिनेटमध्येही निर्गममार्ग पूर्णपणे बंद करून धनदाब साधता येत नाही.

नागपूरच्या हवामानातील विचार : खोलीचे तापमान २५° से.वरून ४०° से.वर गेले, तर पंख्यांचा वेग तोच असताना आतील प्रत्येक भागही जवळपास तेवढ्याच अंशांनी चढतो. आधुनिक प्रोसेसर ९५° ते १००° से.च्या आसपास आपला वेग स्वतःहून कमी करतात, त्यामुळे ते सहसा जळत नाहीत. खरा धोका हार्ड डिस्क आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर यांना असतो. बऱ्याच हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६०° से. असते, आणि दर १०° से. वाढीला कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते असा ढोबळ नियम आहे. म्हणून समोरच्या आत घेणाऱ्या पंख्यामागेच हार्ड डिस्क ठेवण्याची जुनी पद्धत येथे टिकवण्याजोगी आहे.

नवतपाच्या (मे अखेरच्या सुमाराच्या नऊ अतिउष्ण दिवसांच्या) कोरड्या काळात कूलर खोलीची हवा दहा ते पंधरा अंशांनी उतरवू शकतो, आणि एवढा फरक कॅबिनेटमध्ये कितीही पंखे वाढवून मिळत नाही. या दमट हवेने चालू संगणकात पाणी साचण्याची भीती सहसा अनाठायी असते, कारण आतील भाग हवेपेक्षा गरम असतात आणि गरम पृष्ठभागावर बाष्पाचे पाणी होत नाही. मात्र कूलरच्या थेट झोतातून पाण्याचे सूक्ष्म थेंब येतात आणि पाण्यातील क्षार ते मागे ठेवतात. म्हणून कॅबिनेट झोताच्या रेषेत ठेवू नये. जून सरताना हवा दमट झाली की कूलरचा हा लाभ जवळजवळ संपतो. संगणकाच्या टेबलातील दारबंद कप्पा मात्र कोणत्याही ऋतूत टाळावा, कारण मागून निघालेली गरम हवा तेथे वळून समोरच्या पंख्यांतून पुन्हा आत जाते. भिंत आणि कॅबिनेटची मागची बाजू यांत निदान वीतभर अंतर असावे.

समोरच्या गाळण्या उन्हाळ्यात वरचेवर धुवाव्या लागतात. भरलेली गाळणी प्रवाह इतका घटवते की धनदाबाची मांडणी नकळत ऋणदाबाची होते. ब्लोअरने धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, कारण झोताने ती मर्यादेपलीकडे फिरल्यास बेअरिंग खराब होते.