बास्केटबॉलचा सट्टा आणि बारा गुणांचा पसारा

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, भारतातला पहिला सामना झाला. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे जन्मानं मुंबईकर, त्यामुळे पहिला मान याच संघाला मिळाला यात नवल नव्हतं. ४८ मिनिटांत निकाल लागेना, जादा वेळ खेळावा लागला आणि पेसर्स १३२-१३१ असे जिंकले. दुसऱ्या दिवशी तेच दोन संघ, तेच मैदान, आणि निकाल पेसर्स १३०, किंग्ज १०६. एका दिवसात फरक १ वरून २४ वर गेला.

हे मोसमापूर्वीचे सामने होते, आणि अशा सामन्यांत प्रशिक्षक राखीव खेळाडूंना आजमावून बघतात, हे कबूल. पण ऐन मोसमातही अशा उड्या सर्रास दिसतात. त्या का पडतात हे एकदा कळलं, की सामन्याआधी सट्टेबाजांसाठी छापली जाणारी ती आकड्यांनी खच्चून भरलेली ‘पूर्वपरीक्षणं’ वेगळ्याच नजरेनं वाचली जातात.

या पूर्वपरीक्षणांना पूर आला तो २०१८ नंतर. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं खेळांवरच्या सट्ट्याला मज्जाव करणारा १९९२ चा केंद्रीय कायदा रद्दबातल ठरवला. खटला लढवणारं राज्य होतं न्यू जर्सी, जिथे मराठी मंडळींची वस्ती मोठी आहे. आता तिथे सट्टा फोनवर आला आहे आणि त्याच्या मागोमाग आकडेही. अमुक संघ घरच्या मैदानावर गेल्या ६ पैकी ५ वेळा स्प्रेडच्या पार गेला. तमुक संघ विश्रांतीशिवाय खेळताना गेल्या ८ पैकी ७ वेळा हरला. या दोघांतल्या गेल्या ५ पैकी ४ लढतींत एकूण गुण अपेक्षेपेक्षा जास्त झाले. हे सगळे आकडे बहुधा खरे असतात, आणि खरी मेख तिथेच आहे.

आधी स्प्रेड म्हणजे काय ते पाहू. बलाढ्य आणि दुबळा संघ समोरासमोर असला की सगळे बलाढ्य संघावरच पैसे लावणार. म्हणून बुकी बलाढ्य संघाच्या खात्यातून काही गुण आधीच वजा करतो. ५ गुणांचा स्प्रेड असेल, तर त्या संघानं ६ किंवा जास्त गुणांनी जिंकलं तरच तुमचे पैसे वसूल. नेमका ५ चा फरक पडला तर पैसे परत. ही युक्ती १९४० च्या दशकात शिकागोच्या चार्ल्स मॅकनील यांनी रुळवली असं मानतात, आणि हे गृहस्थ कधीकाळी गणिताचे शिक्षक होते. स्प्रेड नीट लावला, की पैज जवळपास छापा-काट्यासारखी होते. फक्त नेहमीच्या भावात १०० डॉलर जिंकण्यासाठी ११० लावावे लागतात. ११० ला २१० नं भागा: ५२.३८. शंभरात ५२.३८ वेळा बरोबर ठरलात तर ना नफा ना तोटा. त्याखाली बुकीची दिवाळी.

आता त्या ‘६ पैकी ५’ कडे वळू. नाणं सहा वेळा उडवलं तर ६४ प्रकारे पडू शकतं. त्यांतल्या ७ प्रकारांत पाच किंवा सहा छापे येतात. म्हणजे सुमारे ११ टक्के. एनबीएत संघ ३०. सगळे संघ निव्वळ नाणी असते, तरी कुठल्याही दिवशी तीनेक संघांच्या नावावर ‘६ पैकी ५ किंवा अधिक’ अशी नोंद दिसलीच असती. ‘६ पैकी ५ वेळा फसला’ हीसुद्धा बातमीच, म्हणजे साडेसहा संघ झाले. मग घरच्या मैदानावरचे ६, परक्या मैदानावरचे ६, याच प्रतिस्पर्ध्याविरुद्धचे ६, रविवारचे ६, एकूण गुणांचे ६. एवढ्या चाळण्या लावल्यावर प्रत्येक सामन्यात काही ना काही चमकदार सापडणारच. पूर्वपरीक्षण लिहिणारा खोटं बोलत नाही, तो फक्त ज्या चाळणीत काही अडकलं नाही तिच्याबद्दल गप्प बसतो.

मला मात्र या सगळ्यापेक्षा मोह पडतो तो वेगळ्याच गोष्टीचा: एकाच सामन्यातली अनिश्चितता येते कुठून, आणि ती मोजता येते का?

बास्केटबॉलमध्ये ती मोजता येते, आणि त्याचं श्रेय काही अंशी एका घड्याळाला आहे. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सनी मिनियापोलिस लेकर्सना १९-१८ असं हरवलं. ही गुणसंख्या अख्ख्या सामन्याची! चेंडू नुसता धरून बसायचा आणि वेळ काढायचा, असा प्रकार चालायचा. मग सिरॅक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी हिशेब मांडला. सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २,८८० सेकंद. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून १२० शॉट घेतात. म्हणून दर शॉटला २४ सेकंद. १९५४-५५ पासून हे घड्याळ लागू झालं. त्यामुळे सामन्याचे आपोआप छोटे, साधारण सारखे तुकडे पडले. चेंडू एका संघाच्या ताब्यात आल्यापासून तो दुसऱ्याकडे जाईपर्यंतचा एक तुकडा, याला पझेशन म्हणतात. आजच्या एनबीएत प्रत्येक संघाच्या वाट्याला सामन्यात अशी सुमारे १०० पझेशन येतात.

एका संघाची १०० पझेशन घ्या. ढोबळमानानं ५० वेळा काहीच मिळत नाही, ३३ वेळा दोन गुण, १४ वेळा तीन आणि ३ वेळा एक. बेरीज १११, म्हणजे प्रत्यक्षातल्या धावफलकाच्या जवळपास. आता यातला पसारा. एका पझेशनचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पडतात त्याचं माप, येतं १.१७ गुण. पझेशन एकमेकांपासून स्वतंत्र मानली, तर १०० पझेशनचा पसारा १०० पट होत नाही, १०० च्या वर्गमुळाइतका, म्हणजे दहा पटच वाढतो: ११.७ गुण. दोन संघांच्या गुणांतला फरक पाहायचा तर पुन्हा २ च्या वर्गमुळानं गुणायचं. उत्तर साडेसोळा गुण. थोडक्यात, दोन्ही संघांची ताकद दशांशापर्यंत ठाऊक असली, तरी निव्वळ योगायोग निकालाला साडेसोळा गुण इकडे किंवा तिकडे सहज ढकलू शकतो. थ्री पॉइंटरनं, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटनं, यात भरच घातली आहे. संघ सामन्यात ३५ च्या आसपास थ्री मारतो आणि ३६ टक्के आत जातात. केवळ त्यातलाच चढउतार सुमारे साडेआठ गुणांचा. २८ मे २०१८ च्या निर्णायक सातव्या सामन्यात ह्यूस्टन रॉकेट्सचे लागोपाठ २७ थ्री हुकले आणि ते गोल्डन स्टेट वॉरियर्सकडून १०१-९२ असे हरले.

पण प्रत्यक्ष निकाल स्प्रेडभोवती साधारण १२-१३ गुणांनीच विखुरतात, साडेसोळांनी नाही. हे चार गुण गेले कुठे? इथे बोस्टन विद्यापीठातले ॲलन गेबल आणि सिडनी रेडनर मदतीला येतात. यांनी २०१२ मध्ये एनबीएच्या चार मोसमांचा विदा घेऊन धावफलकाकडे रँडम वॉक, म्हणजे नशिबानं कुठल्याही बाजूला पडणारी पावलं, म्हणून पाहिलं. भौतिकशास्त्रज्ञ पाण्यात तरंगणाऱ्या परागकणांतल्या सूक्ष्म कणांची थरथर ज्या गणितानं समजावून सांगतात, तेच गणित. आघाडी म्हणजे रेषेवर डावी-उजवीकडे पावलं टाकणारा बिंदू. या बिंदूच्या दोन खोडी त्यांना सापडल्या. एक: ज्या संघानं नुकतेच गुण मिळवले, त्यानंच पुढचेही गुण मिळवण्याची शक्यता फक्त ३५ टक्क्यांच्या आसपास, कारण बास्केट झाल्यावर चेंडू समोरच्याला मिळतो. वरच्या हिशेबात दोन्ही संघांना सारखीच पझेशन दिल्यानं ही खोडी आधीच आलेली आहे. दुसरी खोडी मात्र नाही, आणि हरवलेले गुण तिनं खाल्ले: आघाडी जितकी मोठी, तितका पुढच्या संघाचा गुण मिळवण्याचा वेग किंचित मंदावतो. मुख्य खेळाडू बाकावर जाऊन बसतात, मागे पडलेले जिवावर उदार होतात. कारण काहीही असो, बिंदूला शून्याकडे ओढणारी एक बारीकशी स्प्रिंग बसवल्यासारखा परिणाम होतो.

वर्गमुळाची करामत सामन्याच्या आतही चालते. उरलेला वेळ एक चतुर्थांश झाला की उरलेली अनिश्चितता निम्मी होते. शेवटच्या १२ मिनिटांत पसारा ६-७ गुणांचा, शेवटच्या ३ मिनिटांत ३-४ गुणांचा. म्हणून दोन तुल्यबळ संघांत ६-७ गुणांची आघाडी घेऊन चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे शेवटच्या १२ मिनिटांत, उतरणारा संघ साधारण पाचपैकी चार वेळा जिंकतो.

आणि आता माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. दोन अगदी तुल्यबळ संघ. शेवटची बरोबरी सामन्यात कधी होईल? मन म्हणतं, मध्ये कुठेतरी किंवा अगदी शेवटी. पॉल लेव्ही यांनी १९३९ मध्ये दाखवलेला आर्कसाइन नियम म्हणतो, सुरुवातीला किंवा शेवटी. मध्याला शक्यता सर्वांत कमी. रँडम वॉकचं उत्तर नेमकं आहे: एक तृतीयांश सामन्यांत शेवटची बरोबरी पहिल्या १२ मिनिटांतच होऊन जाते, एक तृतीयांश सामन्यांत शेवटच्या १२ मिनिटांत, आणि मधल्या २४ मिनिटांच्या वाट्याला उरलेला तृतीयांश. म्हणजे तीन तुल्यबळ लढतींपैकी एकीत जो संघ पहिल्या क्वार्टरअखेर पुढे असतो, तो शेवटपर्यंत पुढेच राहतो. त्यात ना डावपेच, ना जिगर. रेडनर, ॲरन क्लॉसेट आणि एम. कोगन यांनी २०१५ मध्ये चार खेळांचे सुमारे ४०,००० सामने तपासले, तेव्हा प्रत्यक्ष आकडे या नियमाशी बऱ्यापैकी जुळले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मात्र मथळा येतो: सुरुवातीपासून शेवटपर्यंत निर्विवाद वर्चस्व.

मुंबईकराला हे सगळं नवं वाटायचं कारण नाही. मटक्याची सुरुवात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-बंद होत्या भावांवरून झाली, आणि पुढे चिठ्ठ्यांतून आकडे काढण्यावर आली तरी जुन्या आकड्यांचे चार्ट अभ्यासणारे ‘तज्ज्ञ’ कमी झाले नाहीत. त्यांच्यात आणि आज ‘एआय भाकीत, ९० टक्के अचूक’ म्हणून फोनवर टिपा विकणाऱ्यांत फरक एवढाच, की पहिल्यांची वही तेलकट असायची. अंकज्योतिषाचीही तीच जातकुळी. (भारतात २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले आहेत, हेही इथेच सांगून टाकतो.)

मग पूर्वपरीक्षणात कामाचं काहीच नसतं का? असतं. कोण जखमी आहे, कोण काल रात्रीच खेळून आलाय, आणि गुण सामन्यागणिक न मोजता पझेशनगणिक मोजले आहेत का. डीन ऑलिव्हर यांच्यासारख्या विश्लेषकांनी रुळवलेलं सूत्र साधं आहे: घेतलेले शॉट, वजा आपणच परत मिळवलेले रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतरचे चेंडू), अधिक टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेले चेंडू), अधिक फ्री थ्रोंच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉट्सच्या) ०.४४ पट. जलद खेळणारा संघ जास्त गुण मिळवतो आणि जास्त गुण देतोही; पझेशननं भागल्याशिवाय ‘सरासरी ११८ गुण’ याला काही अर्थ नाही.

अडचण अशी, की हे सगळं बुकीलाही ठाऊक असतं आणि स्प्रेडमध्ये आधीच मुरलेलं असतं. १२ गुणांच्या पसाऱ्यात स्प्रेड १ गुणानं सरकला, तर पैज जिंकण्याची शक्यता जेमतेम ३.३ टक्क्यांनी सरकते. बुकीचं कमिशन भरून निघण्यापुरते २.३८ टक्के मिळवायचे, तर तुमचा अंदाज त्याच्यापेक्षा पाऊण गुणानं सरस हवा, तोही सातत्यानं. जे अजून स्प्रेडमध्ये मुरलेलं नाही ते कळण्याचा एक मार्ग आहे आणि तो थेट बंदीकडे जातो: टोरोंटो रॅप्टर्सच्या जॉन्टे पोर्टरला एप्रिल २०२४ मध्ये आजन्म हद्दपार केलं, ते स्वतःच्या प्रकृतीची माहिती सट्टेबाजांना पुरवल्याबद्दल आणि त्यांच्या सोयीसाठी सामना अर्ध्यावर सोडल्याबद्दल.

मोठे नमुनेही दगा देतात. २०२२-२३ च्या मोसमात वॉरियर्स परक्या मैदानावर ४१ पैकी फक्त ११ सामने जिंकले, घरी ३३. एवढी तफावत केवळ योगायोगाची म्हणणं कठीण आहे. ३० एप्रिल २०२३ ला प्लेऑफचा, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीचा, सातवा सामना सॅक्रामेंटोत होता, सर्वाधिक सरासरी गुण मिळवणाऱ्या किंग्जच्या घरी. स्टेफ करीनं ५० गुण केले आणि वॉरियर्स १२०-१०० असे जिंकले. यावरून ११-३० हा आकडा खोटा ठरत नाही, आणि एका सामन्यावरून माझं म्हणणंही सिद्ध होत नाही. २० गुण म्हणजे दोन प्रमाण विचलनंही नव्हेत.

राहता राहिला टिपा विकणारा, जो म्हणतो की माझे ५५ टक्के अंदाज बरोबर येतात. ५५ आणि ५२.३८ यांतला फरक योगायोगाचा नाही असं दोन प्रमाण विचलनांच्या खात्रीनं म्हणायला सुमारे १,४५० पैजा लागतात. एनबीएचा अख्खा नियमित मोसम १,२३० सामन्यांचा. एकही सामना न सोडता त्यानं पैसे लावले, तरी त्याच्या दाव्याची शहानिशा व्हायला पुढच्या मोसमाचा नोव्हेंबर सरत येईल. आणि तेव्हाही, ना नफा ना तोटा अशा चाळीसेक जणांत एखादा निव्वळ नशिबानं ५५ वर पोचलेला असेल. जाहिरात बहुधा त्याचीच असते.